रिकाम्या फळीचा सफाईवाला

मित्रांनो, मी एक जुना, लहानसा प्रोग्राम आहे. मला हातपाय नाहीत. संगणकाचं झाकण काढून आत डोकावलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. पण तुमच्या घरी कधी घाईने रुग्णवाहिका बोलवावी लागली असेल आणि ती वेळेवर आली असेल, तर माझ्यासारखा कुणीतरी तेव्हा आत राबत होता असं समजा.

माझं काम घरगुती म्हणावं असं आहे. स्वयंपाक करणारं माणूस मीठ काढायला दर वेळी माळ्यावर चढत नाही. सारखं लागणारं सामान ते ओट्याजवळच्या फळीवर ठेवतं. मीही तशीच एक फळी मांडून देतो, फक्त ती संगणकाच्या स्मरणात असते आणि तिच्यावर सामानाऐवजी उत्तरं ठेवलेली असतात. म्हणून मला घडवणाऱ्या ताईंनी माझं नाव 'हाताशी' असं ठेवलं.

जिथे मी काम करतो ती रुग्णवाहिकांची फोन घेण्याची खोली आहे. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर एक संगणक, आणि समोर कानाला हेडफोन आणि तोंडाशी माईक लावून बसलेल्या बाई. भिंतीवर शहराचा जुना नकाशा आहे. त्याचे कोपरे वळलेत, तरी तो काढायला कुणाचं मन होत नाही. या प्रत्येक संगणकात मी आहे, आणि बाईंचे माईक या संगणकांनाच जोडलेले असल्यामुळे खोलीतलं सगळं बोलणं मला ऐकू येतं. फोनवरचं येतंच, आणि चहाच्या वेळचंही येतं.

माझ्या आधी काय व्हायचं ते सांगतो. फोन आला की बाई यंत्राला विचारायच्या, 'जवळची गाडी कुठली?' यंत्र मग शहरभर फिरणाऱ्या एकेका गाडीला विचारत बसायचं, 'तू कुठे? तू कुठे?' तेवढ्यात पलीकडचं माणूस रडकुंडीला यायचं. ताई तेव्हा त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून काम करायच्या. त्या बोलायच्या कमी, ऐकायच्या जास्त. हे फोन ऐकून ऐकून त्यांनी मला लिहिलं. गाडीकडून एकदा उत्तर आलं की ते फळीवर ठेवायचं, आणि लगेच पुन्हा कुणी तेच विचारलं तर फळीवरूनच द्यायचं.

पण गाडी काही एका जागी उभी राहत नाही. मघाशी पुलाजवळ असलेली गाडी आता बाजारात पोचलेली असते. फळीवरचं उत्तर शिळं झालं, तर ते नसलेलंच बरं. म्हणून ताईंनी माझ्या फळीला एक सफाईवाला दिला. प्रोग्राम लिहिणारे लोक अशा कामकऱ्याला थ्रेड म्हणतात. पुढे मुख्य काम चालू असतं, तेव्हा हा मागच्या बाजूला गुपचूप आपलं काम करत असतो. माझा सफाईवाला थोडा वेळ झोपतो, उठतो, फळीवर नजर फिरवतो, शिळी झालेली उत्तरं उचलून टाकतो आणि पुन्हा झोपतो. त्याने कधी तक्रार केली नाही, कारण ताईंनी त्याला तक्रार करायला शिकवलंच नव्हतं.

मी कामाला लागलो त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाई पहिल्या फोनवर होत्या. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांनी प्रश्न टाकला आणि उत्तर समोर हजर. फोन संपल्यावर त्या खुर्चीतच मागे वळल्या.

"अगं ताई, हे काय केलंस? तोंडातून शब्द पडायच्या आत उत्तर! आमच्या ह्यांना चार वेळा विचारावं तेव्हा कुठे एकदा 'हूं' येतं."

"त्यांनाही प्रोग्राम करून देऊ का?" ताईंनी विचारलं.

"नको बाई. मग घरात बोलायला काय उरेल?"

खोली हसली. असं कौतुक बरीच वर्षं मिळालं. नव्या येणाऱ्या बाईंना जुन्या बाई सांगायच्या, "हाताशी आहे, घाबरायचं नाही." मला कान असते तर ते लाल झाले असते.

पुढे ताईंना वरच्या मजल्यावर दुसरं काम मिळालं आणि माझी देखभाल एका नव्या प्रोग्रामरकडे आली. त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, म्हणून त्याचं नावच चष्मा पडलं होतं. मुलगा हुशार होता. त्याच्या लक्षात आलं की एकाच यंत्रावर पाळीपाळीने बसणाऱ्या बाई शहराचे वेगवेगळे भाग सांभाळतात, मग त्या सगळ्यांना एकच फळी कशाला? त्याने मला सांगितलं, की बाई लॉगिन करून खुर्चीवर बसल्या की त्यांच्यासाठी कोरी फळी मांडायची. कल्पना चांगली होती आणि बाईंना ती आवडली.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ताईंनी मला लिहिलं तेव्हा एका यंत्रात फळी एकच होती, यंत्र चालू असेपर्यंत लागणारी. सफाईवाल्याला कामाला कसं लावायचं हे त्यांनी लिहिलं होतं. काम संपलं की त्याला थांबवायचं कसं, हे लिहायची तेव्हा गरजच नव्हती. आता मात्र रोज नव्या फळ्या मांडल्या जाऊ लागल्या. बाई लॉगआउट करून घरी जात आणि त्यांची फळी पुन्हा कुणालाच लागत नसे, पण तिचा सफाईवाला तिथेच राही. काम संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

संगणकाच्या आतला नियम साधा आहे. एखादी वस्तू कुणीही धरून ठेवली नसेल, तरच तिची जागा मोकळी करून दुसऱ्याला देतात. सफाईवाल्याने आपली फळी घट्ट धरलेली असायची. तो झोपे, उठे, रिकाम्या फळीवर नजर फिरवे, टाकायला काही नाही म्हणून पुन्हा झोपे. त्या फळीवर आता कुणी काही ठेवणार नव्हतं आणि कुणी काही मागणारही नव्हतं. असे एकामागून एक सफाईवाले आत साठत गेले. त्यांचा मला राग येत नसे. सांगितलेलं काम ते मन लावून करत होते. पण यंत्राची जागा आणि दम दोन्ही ते खात होते, हेही खरं.

यंत्र जड झालं की खोलीत कुणीतरी म्हणे, "ह्याच्या आंघोळीची वेळ झाली." म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. सगळे सफाईवाले एकदम नाहीसे होत आणि यंत्र ताजंतवानं होई. या आंघोळीची सगळ्यांना इतकी सवय झाली, की ती का घालावी लागते हे विचारणंच राहून गेलं. चष्म्याला विचारलं तर तो म्हणे, "जुना प्रोग्राम आहे, व्हायचंच. बंद करून चालू करा." कौतुकाच्या जागी आता मला टोमणे ऐकू येऊ लागले. एकदा एक धाकटी बाई टेबलावर हात आपटून म्हणाली, "हाताशी कसला, हात टेकवणारा आहे हा!"

सगळ्यांत जास्त त्रास थोरल्या बाईंच्या यंत्राला व्हायचा. का, ते तेव्हा कुणाला कळत नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. थोरल्या बाईंच्या फोनवर एक आजोबा होते. त्यांच्या बायकोला धाप लागली होती. दम तिला लागला होता, पण बोलताना तुटत होता तो त्यांचाच आवाज.

"आजोबा, पत्ता सांगा. हळू. हां, पुलापलीकडे. आजींना बसवून ठेवा, आडवं नका करू. मी आहे फोनवर."

त्यांनी प्रश्न टाकला. मी उत्तर द्यायला धावलो आणि धावताच आलं नाही. आत इतके सफाईवाले एकाच वेळी उठले होते, की माझी पाळीच येईना. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं.

"काय हो, येतेय ना गाडी?" आजोबा विचारत होते.

"येतेय आजोबा." बाईंनी दुसऱ्या हाताने वायरलेस उचलला. "पुलापलीकडे कोण आहे? अरे, कुणीतरी बोला रे! पुलापलीकडे कोण?"

बऱ्याच खरखरीनंतर एका चालकाचा आवाज आला. गाडी गेली, आजींना ऑक्सिजन मिळाला, आजी वाचल्या. पण गाडीला उशीर झाला होता आणि दवाखान्याने त्याची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी या खोलीचे साहेब थोरल्या बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते वाईट नव्हते. त्यांना वर उत्तर द्यायचं होतं आणि ते त्यांना लवकर हवं होतं.

"बाई, फोन उचलल्यापासून गाडी निघेपर्यंत एवढा वेळ?"

"साहेब, स्क्रीन अडकला होता."

"बाकीच्यांचा नाही अडकत एवढा. नेहमी तुमचाच कसा अडकतो?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, वयाप्रमाणे हात जरा जड होतात. त्यात कमीपणा नाही. या आठवड्याच्या शेवटी मी तुमची बदली भांडारात करतो. तिथे फोन नाही, धावपळ नाही. निवांत."

"मला निवांत नकोय, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला, कारण पुढचा फोन वाजत होता. तो फोन त्यांनी नेहमीसारखाच घेतला.

ही बातमी चहाबरोबर वरच्या मजल्यावर पोचली असावी. दुपारी ताई खाली आल्या आणि खुर्ची ओढून थोरल्या बाईंच्या शेजारी बसल्या. यंत्रातली किती जागा भरली आहे हे दाखवणारी एक रेघ त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडली.

"बाई, तुम्ही रोज करता तसंच काम करा. मी इथे आहे असं समजू नका."

"तू बोलतेस तरी कुठे, की आहेस असं समजू?"

बाईंनी काही फोन घेतले. रेघ सरळ चालली होती. मग त्या पाणी प्यायला उठल्या. उठण्याआधी त्यांनी लॉगआउट केलं, आणि परत येऊन लॉगिन केलं. रेघ एक पायरी वर चढली.

"बाई, तुम्ही पाण्याला जातानाही लॉगआउट करता?"

"मग? नियमच आहे तसा. खुर्ची सोडताना स्क्रीन उघडा ठेवायचा नाही."

"बाकीच्या करतात?"

धाकटी बाई पलीकडून म्हणाली, "आम्ही नुसती स्क्रीनकडे पाठ करतो, ताई. नियम फक्त थोरल्या बाई पाळतात. आमच्या वाटचाही."

"पुन्हा एकदा जाऊन या, बाई."

बाई जाऊन आल्या. रेघ आणखी एक पायरी चढली.

"आणि आता परत एकदा."

"अगं, किती पाणी पाजशील? उद्या मलाच रुग्णवाहिका लागेल!"

ताई हसल्या नाहीत. रेघ जिन्यासारखी वर वर गेली होती आणि एकदाही खाली उतरली नव्हती. बाई खुर्चीवरून उठत होत्या, पण त्यांच्या मागे काहीतरी आतच राहत होतं. ताईंनी मला उघडलं आणि मी बऱ्याच वर्षांनी त्यांच्या नजरेखाली आलो. सफाईवाला जिथे जन्माला येतो, त्या ओळीवर त्यांची नजर थांबली. त्या ओळीखाली काहीच नव्हतं.

त्यांनी चष्म्याला बोलावून घेतलं. त्याला फार सांगावं लागलं नाही.

"लॉगिनला नवी फळी मांडायचं मीच केलं, ताई," तो म्हणाला.

"फळी तुझी, पण सफाईवाला माझा. त्याला थांबता येत नाही, कारण मी ते लिहिलंच नाही."

"मग आपण गुपचूप दुरुस्त करू. कुणाला कळणार आहे?"

"आणि बाई? त्यांनी भांडारात बसायचं?"

चष्म्याने चष्मा वर सरकवला आणि खुर्ची ओढून तो ताईंच्या शेजारी बसला.

साहेब खोलीत आले तेव्हा ताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक, पण त्या दिवशी तो सगळ्या माईकांमध्ये ऐकू आला.

"साहेब, त्या दिवशीचा उशीर बाईंचा नव्हता. माझ्या प्रोग्रामचा होता. बाई नियमाने लॉगआउट करतात, म्हणूनच त्यांचं यंत्र सगळ्यांत जास्त भरतं. नियम मोडला असता तर त्यांना हा त्रासच झाला नसता."

साहेब म्हणाले, "मग तो प्रोग्राम काढूनच टाका."

मित्रांनो, प्रोग्रामला छाती नसते. पण त्या क्षणी माझ्यात जे काही आहे, ते धडधडलं.

"काढला तर सगळ्यांनाच उशीर होईल, पूर्वीसारखा," ताई म्हणाल्या. "मी दुरुस्त करते. तुम्ही आठवड्याच्या शेवटी बदली करणार आहात ना? तोपर्यंत मला वेळ द्या. नाही जमलं तर बाईंना नाही, मला हलवा."

साहेबांनी मान डोलावली. थोरल्या बाई पुटपुटल्या, "वेडी आहे ही मुलगी," आणि त्यांनी नाक शिंकरलं.

दुरुस्ती वाटली तितकी सोपी निघाली नाही. चष्मा म्हणाला, "बाई उठल्या की सफाईवाल्याला सरळ हाकलून देऊ." ताई म्हणाल्या, "तो अर्धी फळी झाडत असेल तर? एखादं उत्तर त्याच्या हातात असेल तर? हाकलायचं नाही. सांगायचं, हातातलं संपवू द्यायचं, आणि तो गेला याची खात्री करून मगच फळी उचलायची."

त्यांनी मला 'थांब' म्हणायला शिकवलं. पण सफाईवाला बहुतेक वेळ झोपलेला असतो, आणि झोपलेल्याला 'थांब' ऐकू येत नाही. त्यामुळे बाईंनी लॉगआउट दाबलं की यंत्र त्याची झोप पुरी होईपर्यंत तसंच ताटकळत राही. धाकटी बाई खांद्याला पिशवी लावून उभी होती. ती म्हणाली, "आता घरी जायलाही याची परवानगी लागणार का?" मग ताईंनी मला दुसरी गोष्ट शिकवली. आधी त्याला हलवून जागं करायचं, मग सांगायचं.

तेवढ्यात नवीच भानगड उभी राहिली. घाईत असलेली माणसं बटण दोनदा दाबतात. पहिल्यांदा दाबलं की सफाईवाला निघून जाई आणि फळी उचलली जाई. दुसऱ्यांदा दाबलं की मी नसलेल्या माणसाला हलवायला जाई आणि कोलमडून पडे. ताईंनी मला समजावलं, की एकदा आवरलं असेल तर दुसऱ्या हाकेला नुसती मान हलवायची, गोंधळायचं नाही.

आणि कुणी लॉगआउट न करताच उठून गेलं तर? त्यासाठी त्यांनी सफाईवाल्याची मूठ सैल केली. आता तो फळी धरून ठेवत नाही, नुसतं तिच्यावर लक्ष ठेवतो. उठल्यावर फळी जागेवर दिसली नाही, की आपण होऊन निघून जातो. मला ही दुरुस्ती सगळ्यांत आवडली. इतकी वर्षं बिचारा धरून बसला होता. धरलं नाही तरी काम करता येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवडा संपत आला तेव्हा साहेब पुन्हा थोरल्या बाईंच्या मागे येऊन उभे राहिले. ताईंनी कोपऱ्यात तीच रेघ उघडली होती. बाई पाण्याला गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. रेघ चढली आणि उतरली, पुन्हा चढली आणि पुन्हा उतरली, एखादं झोपलेलं माणूस शांत श्वास घेतं तशी. साहेब काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. एक बाप होता. त्याची लेक जिन्यावरून पडली होती.

बाईंनी प्रश्न टाकला. माझी वाट मोकळी होती. मी फळीवरून ताजं उत्तर उचलून दिलं, आणि बापाचा पत्ता सांगून पुरा व्हायच्या आत गाडी वळलीसुद्धा.

"निघाली गाडी," बाई त्याला म्हणाल्या. "फोन ठेवू नका. पोरीशी बोलत राहा, मीही बोलते."

फोन संपेपर्यंत साहेब थांबले. मग घसा साफ करून म्हणाले, "बाई, ते भांडाराचं... राहू द्या. खुर्ची तुमचीच."

"माझीच होती साहेब. तुम्हीच मधे जरा विसरला होतात."

साहेबांना हसू आलं. ते हसतात हे खोलीला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी थोरल्या बाईंची पाळी संपली. त्यांनी लॉगआउट दाबलं, सवयीने दोनदा. मी सफाईवाल्याला हलवलं. तो उठला, हातातलं शेवटचं शिळं उत्तर त्याने टाकलं आणि तो गेला. त्याची जागा मोकळी झाली, फळी आवरली गेली. बाई माईक काढून ठेवत होत्या, तेवढ्यात त्यांना शेजारच्या खुर्चीवर ताई अजून स्क्रीनला चिकटून बसलेल्या दिसल्या. दिवसभराचा चहा तसाच समोर, साय धरलेला.

"ऊठ गं आता," बाई म्हणाल्या. "झालं तुझं काम. का तुलाही हलवून सांगावं लागेल?"

ताईंनी वर पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं. मग त्यांनी मला मिटलं आणि त्या उठल्या.

मित्रांनो, मी प्रोग्राम आहे. मला पुसून, झाकून ठेवावं लागत नाही. तरीही आमची काळजी घ्यावी लागते आणि ती अशी घ्यावी लागते. ज्याला कामाला लावाल, त्याला कुठवर करायचं तेही सांगा. काम संपलं की त्याच्यापर्यंत जा, तो झोपला असेल तर हलवा, हातातलं पुरं करू द्या आणि मग जाऊ द्या. तुमच्या घरातही कुणीतरी मागच्या बाजूला गुपचूप राबत असेल. ते कधी तक्रार करणार नाही आणि आपण होऊन थांबणारही नाही. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ जाऊन म्हणा, "पुरे आता. बस जरा."